वापरलेल्या वंगणतेलाचे उत्प्रेरकी हायड्रोट्रीटमेंट: प्रायोगिक आकड्यांपासून रिअ‍ॅक्टरच्या आकारापर्यंत

गॅरेजमधून आणि उद्योगांतून आलेले काळे ऑइल गोळा करून त्यापासून पुन्हा बेस ऑइल (वंगणाचे मूळ तेल) तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यापुढील प्रश्न या प्रकरणासाठी घेतला आहे. कारखाना आधी तेलातील पाणी आणि हलके इंधन वेगळे करतो, नंतर निर्वात ऊर्ध्वपातनाने वंगणाचा भाग वर काढतो आणि शेवटी सक्रिय मातीवरून तो गाळून रंग उतरवतो. असे तेल पहिल्या गटाचे बेस ऑइल म्हणून विकले जाते. मात्र आता ग्राहकांना दुसऱ्या गटाचे तेल हवे आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणानुसार या गटात संपृक्त घटक (हायड्रोजनने पूर्ण भरलेली हायड्रोकार्बन) किमान ९० टक्के, गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के म्हणजे ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदलले तरी तेलाचा दाटपणा कितपत टिकतो त्याचा निर्देशांक) ८० ते १२० असावा लागतो. भारतात वापरलेल्या तेलासंबंधी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि पुनर्शुद्ध तेलाच्या गुणवत्तेचा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला. मातीने रंग उतरतो, पण थायोफिनच्या कड्यात (कार्बन-गंधकाच्या वलयात) अडकलेले गंधक निघत नाही आणि अ‍ॅरोमॅटिक (बेंझीनसारखी) कडी संपृक्त होत नाही. त्यासाठी उच्च दाबाचा हायड्रोजन आणि निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक लागतो. हेच हायड्रोट्रीटमेंट.

कारखान्याला ठरवायचे आहे ते इतकेच: तासाला ३ घनमीटर ऊर्ध्वपातित तेलासाठी किती उत्प्रेरक भरावा आणि रिअ‍ॅक्टर कोणत्या तापमानाला सुरू करावा? उत्तर वेगस्थिरांकावर (अभिक्रिया किती वेगाने चालते ते सांगणाऱ्या आकड्यावर) अवलंबून आहे आणि वेगस्थिरांक प्रायोगिक रिअ‍ॅक्टरमधील मोजमापांवरून काढायचा आहे. पुढे दिलेले मोजमापांचे आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. मात्र ते या प्रक्रियेच्या नेहमीच्या व्याप्तीतले आहेत आणि त्यांतून जे पेच निर्माण होतात ते अशा प्रत्येक आखणीत भेटतात.

कच्चा माल

वापरलेल्या तेलाची गतिकी (अभिक्रियेच्या वेगाचे वागणे) कच्च्या खनिज तेलाच्या अंशांपेक्षा वेगळी पडते, त्याचे कारण मूळ हायड्रोकार्बनमध्ये फारसे नसून तेलात मिसळलेल्या पूरक द्रव्यांत आहे. झीज रोखणाऱ्या झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेटमधून जस्त, फॉस्फरस आणि गंधक येतात. डिटर्जंट म्हणून घातलेल्या सल्फोनेटांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतात, काजळी तरंगत ठेवणाऱ्या सक्सिनिमाइडांतून नायट्रोजन येतो आणि फेस मारणाऱ्या सिलिकोन तेलातून सिलिकॉन येतो. त्यात इंजिनाच्या झिजेचे लोखंड व तांबे, बाहेरून आलेले क्लोरीन आणि ज्वलनातून तयार झालेली बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक संयुगे यांची भर पडते.

चांगल्या निर्वात ऊर्ध्वपातनात धातूंचा बहुतेक भाग तळाच्या अवशेषात राहतो. पण ऊर्ध्वपातनाने सगळेच अडते असे मानणे महागात पडते. झिंकचे थायोफॉस्फेट तापताना फुटते आणि त्यातील फॉस्फरसचा काही भाग उडणाऱ्या संयुगांच्या रूपात वर येतो. सिलिकोन तेलाच्या साखळ्या तुटून चक्राकार सिलॉक्सेन बनतात, तीही बाष्पात जातात. बाष्पाबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब वर ओढले गेले तर त्यांतून धातूही येतात. म्हणून ऊर्ध्वपातित तेल डोळ्यांना स्वच्छ, पिवळसर दिसत असले तरी त्यात काही पीपीएम फॉस्फरस आणि सिलिकॉन असू शकतात. इतके अल्प प्रमाण तेलाच्या गुणवत्तेला बाधत नाही, उत्प्रेरकाला मात्र बाधते, कारण त्याच्यावरून वर्षभर तेच तेल वाहणार असते आणि हे घटक त्याच्यावर साचत जाणार असतात.

या प्रकरणात ऊर्ध्वपातित तेलात ३,००० पीपीएम गंधक धरले आहे. पूरक द्रव्यांतील सल्फाइड आणि डायसल्फाइड सहज फुटतात, त्यामुळे ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या गंधकाचा मोठा वाटा बेस ऑइलच्या स्वतःच्या बेंझोथायोफिन आणि डायबेंझोथायोफिन कुळांचा असतो. या कुळांत गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथिल गट असलेली संयुगे सर्वांत हट्टी असतात. गंधकाचा अणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याच्या वाटेतच ते गट आडवे येतात, म्हणून अशा रेणूला बहुधा आधी एक कडी हायड्रोजनने संपृक्त करून घ्यावी लागते आणि मगच कार्बन-गंधक बंध तुटतो.

पहिला पेच: अभिक्रियेची कोटी

प्रायोगिक रिअ‍ॅक्टरमध्ये सल्फाइड रूपात आणलेला निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरक आहे, दाब ६० बार आहे आणि दर घनमीटर तेलामागे ३०० सामान्य घनमीटर (शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेला) हायड्रोजन वाहतो. स्पेस व्हेलॉसिटी म्हणजे एका तासात उत्प्रेरकाच्या दर घनमीटरवरून किती घनमीटर तेल जाते त्याचे माप. तापमान ३४० अंश सेल्सिअसला स्थिर ठेवून तीन स्पेस व्हेलॉसिटींवर बाहेर पडणाऱ्या तेलातील गंधक मोजले: स्पेस व्हेलॉसिटी २ असताना १,१५० पीपीएम, १ असताना ६०० पीपीएम आणि ०.५ असताना २५० पीपीएम.

अभिक्रियेचा वेग उरलेल्या गंधकाच्या प्रमाणाच्या कितव्या घाताने बदलतो, तो घात म्हणजे अभिक्रियेची कोटी. अनेकदा या आकड्यांवर प्रथम कोटीचे समीकरण लावले जाते, कारण एकेका शुद्ध संयुगासाठी ते बरोबर असते. येथे ते लावले तर वेगस्थिरांक अनुक्रमे १.९२, १.६१ आणि १.२४ प्रति तास येतो. एकाच तापमानाला, एकाच उत्प्रेरकावर स्थिरांक जर तिसऱ्या मोजमापापर्यंत एक-तृतीयांशाहून अधिक घसरत असेल, तर तो स्थिरांक नव्हे. द्वितीय कोटी धरली तर उलटे घडते, आकडा १.०७ वरून १.३३ आणि मग १.८३ असा चढत जातो (एकक हजारांश प्रति पीपीएम प्रति तास). दोन्हींच्या मधली, म्हणजे दीड कोटी धरली, तर बाहेरच्या आणि आतल्या गंधकाच्या वर्गमुळांच्या व्यस्तांकांतील फरकाला स्पेस व्हेलॉसिटीने गुणल्यावर ०.०२२५, ०.०२२६ आणि ०.०२२५ असे जवळजवळ एकच उत्तर मिळते. या गुणाकाराला पुढे आपण क्रियांक म्हणू.

दीड कोटीला रासायनिक अर्थ नाही. दीड रेणू कोठेच भेटत नाहीत. वेगवेगळ्या चपळतेची शेकडो संयुगे एकाच वेळी, प्रत्येक स्वतःच्या प्रथम कोटीने, नाहीशी होत असली आणि आपण फक्त त्यांची बेरीज मोजत असलो, तर ती बेरीज वरच्या कोटीची भासते. सुरुवातीला चपळ संयुगे जातात म्हणून वेग मोठा दिसतो, मागे हट्टी संयुगे राहतात म्हणून वेग मंदावतो. हचिन्सन आणि लस यांनी १९७० मध्ये, आणि पुढे हो आणि एरिस यांनी १९८७ मध्ये या भासाचे गणित मांडले. पेट्रोलियमच्या अंशांसाठी दीड ते दोनच्या दरम्यानची कोटी सर्रास दिसते ती याच कारणाने.

हेच तीन आकडे गंधकाच्या संयुगांचे दोन गट मानणाऱ्या प्रतिमानातही (गणिती नमुन्यातही) बसतात. ६३ टक्के गंधक चपळ गटाचे, वेगस्थिरांक ३.२ प्रति तास. ३७ टक्के हट्टी गटाचे, वेगस्थिरांक ०.७५ प्रति तास. या प्रतिमानातून सुमारे ११४५, ६०० आणि २५० पीपीएम असे आकडे मिळतात, म्हणजे मोजमापातील चुकीच्या मर्यादेत ते दीड कोटीइतकेच चांगले आहे. मोजलेल्या पट्ट्यात दोन्ही प्रतिमाने एकमेकांना झाकतात. पट्ट्याबाहेर मात्र ती वेगळी होतात: स्पेस व्हेलॉसिटी ०.२५ वर दीड कोटीनुसार सुमारे ८५ पीपीएम गंधक उरेल, तर दोन गटांनुसार सुमारे ५५. तीन बिंदूंवरून यांपैकी खरे कोणते हे ठरत नाही आणि ठरवण्याचा आव आणू नये. आखणी मोजलेल्या पट्ट्याच्या आत ठेवायची, हाच त्यावरचा खरा उपाय आहे. या कारखान्याला ३०० पीपीएम हवे आहे आणि ते १ आणि ०.५ यांच्या मध्ये कोठेतरी मिळते, हे त्याचे सुदैव.

प्रथम कोटीच्या चुकीची किंमत घनमीटरमध्ये काढता येते. केवळ स्पेस व्हेलॉसिटी २ वरचे मोजमाप घेऊन प्रथम कोटीने पुढचा हिशेब केला तर ३०० पीपीएमसाठी स्पेस व्हेलॉसिटी ०.८३ पुरेल असे दिसते. दीड कोटीने ती ०.५७ येते. तासाला ३ घनमीटर तेलासाठी पहिल्या हिशेबाने ३.६ घनमीटर उत्प्रेरक लागतो, दुसऱ्याने ५.३. रिअ‍ॅक्टर एकदा घडवून उभा केला की हा फरक भरून काढायला तापमानाखेरीज काही हातात राहत नाही, आणि तापमान हे या प्रक्रियेतले सर्वांत मौल्यवान भांडवल आहे.

दुसरा पेच: सक्रियण ऊर्जा की उत्प्रेरकाची झीज

तापमानाचा परिणाम पाहण्यासाठी स्पेस व्हेलॉसिटी १ ठेवून ३२०, ३४० आणि ३६० अंशांवर मोजमाप केले, आणि बहुतेक ठिकाणी करतात तसे कमी तापमानापासून चढत्या क्रमाने केले. गंधक अनुक्रमे १,०६०, ६०० आणि २९० पीपीएम मिळाले. क्रियांक ०.०१२५ वरून ०.०४०५ पर्यंत चढला. अर्‍हेनियसच्या समीकरणात, म्हणजे वेग तापमानाबरोबर कसा वाढतो ते सांगणाऱ्या सूत्रात, दोन टोकांचे बिंदू घातले तर सक्रियण ऊर्जा (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) ९२ किलोज्यूल प्रति मोल येते. आकडा विश्वासार्ह वाटतो, गंधक काढण्याच्या अभिक्रियांसाठी दिसणाऱ्या पट्ट्यात तो बसतो, आणि अनेक अहवाल येथेच थांबतात.

या ठिकाणी एक मोजमाप आणखी हवे असते: ३६० अंशांनंतर तापमान पुन्हा ३२० वर आणून, प्रवाह स्थिरावू देऊन, पहिला बिंदू पुन्हा घेणे. तो घेतला तेव्हा १,०६० ऐवजी १,२९० पीपीएम गंधक मिळाले. क्रियांक ०.०१२५ वरून ०.००९६ वर आला होता. म्हणजे चाचणी चालू असताना उत्प्रेरकाची २३ टक्के क्रियाशीलता गेली होती, आणि ३६० अंशांचे मोजमाप प्रत्यक्षात थकलेल्या उत्प्रेरकावर झाले होते. परतीचा बिंदू ३६० च्या लगेच नंतरचा असल्याने तीच क्रियाशीलता तेथेही धरून दुरुस्ती केली तर सक्रियण ऊर्जा ११२ किलोज्यूल प्रति मोल येते.

वीस किलोज्यूलचा हा फरक आखणीत किती उतरतो? स्पेस व्हेलॉसिटी १ वर, ताज्या उत्प्रेरकाने ३०० पीपीएम गाठण्यासाठी ९२ चा आकडा ३५९ अंश मागतो, ११२ चा आकडा ३५२. चुकीच्या सक्रियण ऊर्जेवर विसंबून रिअ‍ॅक्टर सात अंश अधिक तापमानाला सुरू झाला, तर कोक, म्हणजे तेलापासून उत्प्रेरकावर बनणारा कार्बनचा थर, अधिक वेगाने साचतो आणि उत्प्रेरकाचे आयुष्य पहिल्याच महिन्यापासून घटते. माझ्या मते परतीचा बिंदू नसलेल्या गतिकीच्या अहवालातील सक्रियण ऊर्जा आखणीसाठी वापरूच नये. एका बिंदूच्या मोजमापाचा खर्च चाचणीच्या एकूण खर्चात नगण्य असतो.

गेलेली २३ टक्के क्रियाशीलता मात्र दोन अगदी वेगळ्या मार्गांनी गेलेली असू शकते. पहिला मार्ग म्हणजे नव्या उत्प्रेरकावर सुरुवातीच्या दिवसांत बसणारा कोक. तो सगळ्या थरावर पसरून बसतो, त्याचा वेग लवकरच मंदावतो, आणि तो प्रत्येक नव्या भरणीत येतो. म्हणूनच गतिकीचे पहिले मोजमाप उत्प्रेरक स्थिरावल्यावरच घ्यावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे फॉस्फरस, सिलिकॉन आणि धातूंचे साचणे. हे घटक सर्व थरावर सारखे बसत नाहीत. जेथे तेल प्रथम भेटते त्या वरच्या भागातच ते अडकतात, तो भाग जवळजवळ निकामी करतात आणि मग त्यांची सीमा हळूहळू खाली सरकते.

गणिताला हे दोन मार्ग ओळखता येत नाहीत. आखणीच्या समीकरणात क्रियांकाला स्पेस व्हेलॉसिटीने भागलेले असते. संपूर्ण थराचा क्रियांक २३ टक्क्यांनी उतरला काय किंवा थराचा वरचा २३ टक्के भाग पूर्ण मेला आणि उरलेला ताजाच राहिला काय, बाहेर पडणाऱ्या तेलात गंधक तेवढेच मिळते. उपाय मात्र दोन्हींचे वेगळे आहेत. कोकमुळे आलेली घट तापमान सुमारे सात अंशांनी वाढवून भरून निघते आणि पुढे स्थिरावते, शिवाय कोक नियंत्रित हवेत जाळून उत्प्रेरक पुन्हा वापरात आणता येतो. फॉस्फरस आणि सिलिकॉन जाळून जात नाहीत. तापमान वाढवून त्यांची सीमा थांबत नाही, ती खाली सरकतच राहते.

म्हणून चाचणी संपल्यावर उत्प्रेरक एकत्र ओतून न काढता वरून खाली टप्प्याटप्प्याने काढला जातो आणि प्रत्येक टप्प्याचा नमुना वेगळा ठेवला जातो. विद्रावकाने तेल धुऊन काढल्यावर त्या नमुन्यांतला कार्बन, फॉस्फरस, सिलिकॉन, जस्त आणि लोखंड मोजायचे. कार्बन वरपासून खालपर्यंत साधारण सारखा, किंवा खाली थोडा अधिक, असेल आणि फॉस्फरस नगण्य असेल, तर घट कोकची आहे. वरच्या टप्प्यात फॉस्फरस आणि लोखंड भरपूर आणि पुढच्या टप्प्यापासून एकदम कमी असतील, तर घट विषाची, म्हणजे अशा साचणाऱ्या घटकांची आहे. अशा वरच्या टप्प्यात दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनलेलाही आढळतो. प्रत्यक्ष कारखान्यात हाच पापुद्रा थराच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक वाढवतो आणि क्रियाशीलता शिल्लक असतानाही रिअ‍ॅक्टर उघडायला भाग पाडतो. चालू रिअ‍ॅक्टरमध्ये नमुने काढता येत नाहीत, तेथे थराच्या उंचीवर बसवलेली थर्मोकपल (तापमापके) हीच खूण दाखवतात. अभिक्रियेची उष्णता ज्या उंचीवर दिसू लागते ती उंची महिन्यामहिन्याला खाली सरकत असेल, तर वरचा थर मरत आहे.

आपल्या प्रकरणात वरच्या टप्प्यावर फॉस्फरस साचलेला होता असे धरू, कारण वापरलेल्या तेलाच्या बाबतीत हीच शक्यता अधिक खरी आहे. मग २३ टक्क्यांचा दोष मुख्य उत्प्रेरकावर लादणे अन्यायाचे ठरते. तो दोष ऊर्ध्वपातनाचा आणि मुख्य उत्प्रेरकाआधी असे घटक अडवणाऱ्या संरक्षक थराच्या अभावाचा आहे.

तिसरा पेच: छोट्या रिअ‍ॅक्टरची भूल

क्रियांक रसायनाचा आहे की वहनाचा, हेही तपासावे लागते. दाण्याच्या आत विसरण (छिद्रांतून रेणूंचे आत-बाहेर सरकणे) मंद असेल तर दिसणारी सक्रियण ऊर्जा खऱ्या ऊर्जेच्या निम्म्यापर्यंत उतरू शकते. त्यासाठी १.३ मिलिमीटर जाडीचे दाणे कुटून ०.३ ते ०.४ मिलिमीटरचे केले आणि नव्या भरणीवर तोच क्रम पुन्हा चालवला, तर ३४० अंशांना ६०० ऐवजी ५४० आणि ३६० अंशांना २९० ऐवजी २३५ पीपीएम मिळाले असे समजू. यावरून अखंड दाण्याची परिणामकारकता कुटलेल्याच्या तुलनेत ३४० ला सुमारे ०.९१ आणि ३६० ला ०.८६ ठरते. विसरणाचा अडसर आहे, पण तो थोडा आहे. कारखान्यात अखंड दाणेच भरले जाणार असल्यामुळे आखणीसाठी अखंड दाण्यांचाच क्रियांक घ्यावा. कुटलेल्या दाण्यांचा आकडा रसायन समजण्यासाठी, अखंड दाण्यांचा रिअ‍ॅक्टर बांधण्यासाठी.

द्रवाच्या वहनाचा प्रश्न याहून अधिक फसवा आहे. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीत १०० मिलिलिटर उत्प्रेरक भरला तर थराची उंची ३२ सेंटिमीटर होते, आणि स्पेस व्हेलॉसिटी १ असताना तेल तासाला ३२ सेंटिमीटर या वेगाने खाली उतरते. कारखान्यातील आठ मीटर उंच थरात तीच स्पेस व्हेलॉसिटी म्हणजे तासाला आठ मीटर, पंचवीस पट अधिक. इतक्या मंद प्रवाहात छोट्या नळीत तेल सगळ्या दाण्यांना भिजवत नाही, भिंतीलगत वाट काढते आणि काही दाणे कोरडेच राहतात. त्यामुळे छोटा रिअ‍ॅक्टर उत्प्रेरकाला आहे त्यापेक्षा दुबळा दाखवतो, आणि स्पेस व्हेलॉसिटी बदलली की भिजण्याचे प्रमाणही बदलत असल्याने वर काढलेली कोटीही बिघडते. दाण्यांच्या मधल्या पोकळ्या सिलिकॉन कार्बाइडच्या बारीक चुऱ्याने भरल्या की हा दोष बराच कमी होतो. थराची उंची दाण्याच्या आकाराच्या किती पट असावी यासाठी मिअर्स यांनी १९७१ मध्ये दिलेला निकषही तपासून घ्यावा. तो निकष कोटीच्या आणि आतल्या-बाहेरच्या गंधकाच्या गुणोत्तराच्या लॉगेरिदमच्या प्रमाणात कडक होत जातो, म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक गंधक काढायचे असते तेव्हा तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

हायड्रोजनच्या बाबतीत प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यात आणखी एक भेद आहे. प्रयोगशाळेत शुद्ध हायड्रोजन एकदा वापरून सोडून दिला जातो. कारखान्यात तो फिरवून पुन्हा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइडही फिरतो. ३,००० पीपीएमपैकी ९२ टक्के गंधक निघाले तर दर घनमीटर तेलामागे सुमारे १.७ सामान्य घनमीटर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ३०० घनमीटर वायूत तो अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भरतो, म्हणजे ६० बारला एक-तृतीयांश बार एवढा आंशिक दाब. वायू अमाइनने (हायड्रोजन सल्फाइड शोषून घेणाऱ्या द्रावणाने) धुतला नाही तर प्रत्येक फेरीत तो वाढत जातो. उत्प्रेरकाच्या ज्या जागांवर गंधकाची संयुगे यायची त्याच जागा हायड्रोजन सल्फाइड अडवतो, त्यामुळे शुद्ध हायड्रोजनवर काढलेला क्रियांक न धुतलेल्या वायूवर टिकत नाही. बेसिक नायट्रोजन संयुगे तर याहून घट्ट बसतात. प्रायोगिक चाचणीत वायूत मुद्दाम तेवढा हायड्रोजन सल्फाइड मिसळून निदान एक बिंदू घ्यावा. अभिक्रियेतून येणारा अमोनिया आणि क्लोरीनपासून बनणारे हायड्रोजन क्लोराइड थंड भागात एकत्र येऊन अमोनियम क्लोराइडचे क्षार जमवतात. त्याचा गतिकीशी संबंध नाही, पण पाण्याने धुण्याची सोय आखणीत नसेल तर उष्णता विनिमयक तुंबतात.

तापमान वाढवून सारे का सुटत नाही

गंधकाच्या दृष्टीने तापमान वाढवणे हा सर्वांत सोपा मार्ग दिसतो. पण दुसऱ्या गटासाठी संपृक्त घटकही ९० टक्के लागतात, आणि अ‍ॅरोमॅटिक कड्यांचे हायड्रोजनीकरण उष्णता बाहेर टाकणारे आणि उलट दिशेनेही चालणारे आहे. तापमान वाढले की आधी वेग वाढतो म्हणून संपृक्तता वाढते. पुढे समतोल विरुद्ध बाजूला झुकतो आणि ती घटू लागते. म्हणजे गंधक अजून उतरत असतानाच संपृक्तता आणि रंग बिघडू शकतात. हा उलट फिरण्याचा बिंदू दाबावर अवलंबून असतो, ६० बारला तो १०० बारपेक्षा खालच्या तापमानाला येतो. बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक संयुगांचा प्रश्न केवळ विक्रीचा नाही. अपुऱ्या प्रक्रियेच्या खनिज तेलांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि हे तेल हाताळणारे माणसाचे हात आहेत. म्हणून गंधकाबरोबर संपृक्त घटक आणि बहुचक्रीय संयुगे प्रत्येक बिंदूवर मोजली नाहीत, तर ती चाचणी अर्धीच राहते.

या प्रकरणापुरती सरासरी तापमानाची वरची मर्यादा ३६५ अंश धरली आहे. रिअ‍ॅक्टर स्वतःच तापत असल्याने ही मर्यादा वरच्या टोकाला किंवा तळाला लावायची नसून थराच्या भारित सरासरीला लावायची आहे.

निर्णय

मोजमापातील आणि मालातील चढउतारासाठी लक्ष्य ३०० ऐवजी २५० पीपीएम ठेवले. स्पेस व्हेलॉसिटी १ म्हणजे ३ घनमीटर उत्प्रेरक घेतला तर दुरुस्त सक्रियण ऊर्जेने सुरुवातीचे तापमान ३५५ अंश येते, आणि ३६५ पर्यंत केवळ १० अंश हातात राहतात. महिन्याला दीड अंशाने तापमान वाढवावे लागेल असे धरले तर सात महिन्यांच्या आत उत्प्रेरक बदलण्याची वेळ येते. स्पेस व्हेलॉसिटी ०.६ म्हणजे ५ घनमीटर घेतला तर सुरुवात ३४१ अंशांना होते, २४ अंश हातात राहतात आणि भरणी १६ महिने चालते. उत्प्रेरक दोन-तृतीयांशाने वाढला आणि आयुष्य दुपटीहून अधिक झाले. शिवाय कमी तापमानाला सुरुवात झाल्याने संपृक्ततेचा समतोलही अनुकूल बाजूला राहतो. कारखान्याने दुसरा पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिन्याला दीड अंशाचा हिशेब मात्र तेव्हाच टिकतो, जेव्हा फॉस्फरस आणि सिलिकॉन मुख्य थरापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून मुख्य रिअ‍ॅक्टरच्या आधी स्वतंत्र संरक्षक रिअ‍ॅक्टर हवा, त्यात मोठ्या छिद्रांचा आणि कमी क्रियाशील उत्प्रेरक हवा, आणि तो मुख्य रिअ‍ॅक्टर न थांबवता बदलता यावा यासाठी दोन संरक्षक रिअ‍ॅक्टर आलटूनपालटून वापरण्याची सोय हवी. जगातील अनुभवही याच दिशेला बोट दाखवतो. जर्मनीत ट्रोग्लिट्झ येथे प्युरालूबच्या कारखान्यात २००४ पासून चालणाऱ्या यूओपी या कंपनीच्या हायलूब प्रक्रियेत वापरलेले तेल प्रथम गरम हायड्रोजनमध्ये मिसळून बाष्पित केले जाते, आणि मुख्य उत्प्रेरकाआधी संरक्षक रिअ‍ॅक्टर असतो. इटलीतील व्हिस्कोल्यूब आणि अ‍ॅक्सेन्स यांनी मिळून विकसित केलेल्या रेव्हिव्हॉइल प्रक्रियेत हायड्रोजनच्या आधी औष्णिक पद्धतीने अ‍ॅस्फाल्ट आणि धातू वेगळे काढले जातात. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, दोघांनीही आपली मेहनत मुख्य उत्प्रेरकापर्यंत पोहोचण्याआधीच्या टप्प्यांवर खर्च केली आहे.

या आखणीला कायम करण्याआधी कारखान्याने एक चाचणी आणखी घ्यावी असे येथे सुचवले आहे. नव्या भरणीत वरचा एक-पंचमांश भाग संरक्षक उत्प्रेरकाचा ठेवायचा, वायूत हायड्रोजन सल्फाइड मिसळायचा, उत्प्रेरक स्थिरावल्यावरच पहिले मोजमाप घ्यायचे, तापमानांचा क्रम चढता न ठेवता ३४०, ३६०, ३२०, ३४० असा ठेवायचा आणि शेवटच्या ३४० च्या मोजमापाची सुरुवातीच्या ३४० च्या संदर्भ बिंदूशी तुलना करायची. शेवटी दोन्ही थर वेगवेगळे काढून त्यांतला फॉस्फरस मोजायचा. तो मुख्य थराच्या माथ्यावर आढळला, तर संरक्षक थर वाढवण्यापूर्वी ऊर्ध्वपातन स्तंभातील बाष्पाचा वेग आणि थेंब अडवणारी जाळी तपासावी.